पोलिसांनी जप्त केलेली गाडी, दागिने, रोकड परत कशी मिळवायची

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवारात पाहा. भिंतीला लागून दुचाकींची रांग उभी असते. सीट फाटलेली, टायर बसलेले, नंबर प्लेटवर मातीचा थर. यातल्या बऱ्याच गाड्या चोरीला गेलेल्या असतात आणि पोलिसांनी शोधून आणलेल्या असतात. म्हणजे मालक आरोपी नाही, फिर्यादी आहे. त्याची वस्तू सापडली आहे, कुठे आहे तेही त्याला ठाऊक आहे, तरी ती त्याच्या दारात नाही. कारण कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं, ‘केस संपल्यावर मिळेल.’

हे खरं नाही. खटला संपेपर्यंत थांबण्याची सक्ती कायद्यात कुठेही नाही. खटला चालू असताना, एवढंच काय तपास चालू असतानाही, वस्तू हक्कदाराच्या ताब्यात देण्याची सोय कायद्याने केली आहे. यालाच आपल्याकडे सुपूर्दनाम्यावर ताबा घेणं म्हणतात. मात्र न्यायालय आपणहून तुम्हाला शोधत येत नाही. अर्ज तुम्हालाच करायचा असतो आणि तो जितका लवकर कराल तितकी वस्तू धड अवस्थेत मिळते.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ४५१ आणि ४५७ ही कलमं असतात. नव्या कायद्यात त्यांचे क्रमांक अनुक्रमे ४९७ आणि ५०३ झाले आहेत. वस्तू न्यायालयासमोर हजर केली असेल तर ४९७ लागू होतं. पोलिसांनी जप्तीचा नुसता अहवाल पाठवला आणि वस्तू हजर केली नसेल तर ५०३. अर्जावर दोन्ही कलमं लिहावीत, म्हणजे त्या तांत्रिक मुद्द्यावर वेळ जात नाही. १ जुलै २०२४ पूर्वीचं प्रकरण असेल तर जुनी कलमंही सोबत लिहा. निव्वळ कलम चुकलं म्हणून योग्य अर्ज फेटाळला जाऊ नये, पण हरकतीला जागाच कशाला ठेवायची?

नव्या संहितेत मालकाच्या कामाची एक मोठी भर पडली आहे. वस्तू समोर आल्यापासून १४ दिवसांत न्यायालयाने तिचं वर्णनपत्रक तयार करायचं, फोटो आणि गरज असल्यास व्हिडिओ काढून घ्यायचा, आणि त्यानंतर ३० दिवसांत वस्तू कुणाला द्यायची, नष्ट करायची की सरकारजमा करायची याचा आदेश द्यायचा, असं कलम ४९७ मध्येच आलं आहे. ते पत्रक आणि फोटो खटल्यात पुरावा म्हणून वापरता येतात. ‘पुराव्यासाठी वस्तू लागेल’ ही जुनी हरकत त्यामुळे पुष्कळ सैल झाली आहे.

याचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या १ ऑक्टोबर २००२ च्या निकालात आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हे प्रकरण. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की मुद्देमाल पोलीस ठाण्यात १५ दिवस ते एक महिना याहून जास्त काळ ठेवू नये, आणि वाहनं वर्षानुवर्षं ठाण्यात उभी करून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. सविस्तर पंचनामा करा, फोटो घ्या, बंधपत्र (सांगू तेव्हा वस्तू हजर करण्याची लेखी हमी) आणि योग्य तारण घ्या आणि वस्तू द्या. या निकालाचं नाव अर्जात आलंच पाहिजे.

आधी दार ओळखा

सगळ्यात जास्त महिने इथे वाया जातात. जप्ती कोणत्या कायद्याखाली झाली यावर अर्ज कुठे करायचा हे ठरतं. चोरी, अपघात, मारामारी, फसवणूक यांसारख्या नेहमीच्या गुन्ह्यांत दार एकच, त्या ठाण्याच्या हद्दीचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय. बाकीच्या ठिकाणी नीट पाहावं लागतं.

वाळू किंवा मुरूम वाहताना तहसीलदाराच्या पथकाने ट्रॅक्टर, डंपर धरला असेल तर ती कारवाई बहुधा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली असते. तिथे दंडाधिकाऱ्याकडे धाव घेऊन उपयोग नाही. दंडाचा आदेश महसूल अधिकारी काढतात आणि दंड भरून, बंधपत्र देऊन वाहन सुटतं. दंड अवाजवी वाटला तर महसुली अपील करायचं. पण त्याच घटनेत पोलिसांनी चोरीचा गुन्हाही नोंदवला असेल तर दोन्ही दारं ठोठवावी लागतात. बरेच जण महसूलचा दंड भरतात आणि मग कळतं की गाडी पोलिसांच्याही ताब्यात आहे. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: जप्ती कुणी केली, कोणत्या कलमाखाली केली आणि गुन्हा नोंदवला आहे का?

वनखात्याने लाकूड वाहणारं वाहन धरलं असेल तर भारतीय वन अधिनियमातील महाराष्ट्राच्या दुरुस्तीनुसार वाहन सरकारजमा करण्याचा अधिकार प्राधिकृत वनाधिकाऱ्याकडे आहे. ती कार्यवाही सुरू झाली की दंडाधिकाऱ्याचे हात बांधले जातात. वनाधिकाऱ्याची नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या. वाहन आपल्या माहितीशिवाय वापरलं गेलं आणि ते तसं वापरलं जाऊ नये म्हणून आपण काळजी घेतली होती, हे मालकाने तिथे दाखवायचं असतं.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अर्ज विशेष न्यायालयात जातो. या कायद्यात वाहन सुटतच नाही असा समज फार पसरलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खटला चालू असताना वाहन सोडायला या कायद्यात सरसकट बंदी नाही. ट्रकचा मालक आरोपी नसेल आणि माल ड्रायव्हरकडे किंवा प्रवाशाकडे सापडला असेल, तर अटी घालून वाहन देता येतं.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०७ खाली, म्हणजे नोंदणी किंवा परवाना नसल्यामुळे वाहन अडकवून ठेवलं असेल तर परिवहन प्राधिकरणाकडे किंवा राज्य सरकारने त्यासाठी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याकडे कागदपत्रांसह अर्ज करायचा. परिवहन कार्यालयाचा थकीत कर आणि दंड भरला की वाहन सुटतं.

निवडणुकीच्या काळात भरारी किंवा स्थिर पथकाने रोकड पकडली तर वेगळीच व्यवस्था आहे आणि ती व्यापाऱ्यांना, बाजारातून पैसे घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्यांना माहीत असायला हवी. जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती असते: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि जिल्हा कोषागार अधिकारी. रोकड कुठल्या उमेदवाराशी किंवा पक्षाशी जोडलेली नाही आणि गुन्हाही नोंदवलेला नाही, असं दिसलं की समितीने ती परत करण्याचा कारणांसह आदेश द्यायचा असतो. गुन्हा नसेल तर मतदानानंतर ७ दिवसांपेक्षा जास्त काळ हा विषय प्रलंबित ठेवता येत नाही. जप्तीच्या पावतीवर अपील कुठे करायचं ते लिहिलेलं असायला हवं. पावती न घेता तिथून हलू नका. बाजार समितीची पट्टी, बँकेतून पैसे काढल्याची नोंद, विक्रीची बिलं दुसऱ्याच दिवशी समितीकडे द्या.

घर किंवा जमीन पोलिसांनी नेहमीच्या जप्तीच्या कलमाखाली ‘जप्त’ केल्याचं सांगितलं तर थांबा. नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की त्या कलमात स्थावर मालमत्ता येत नाही. जुनं कलम १०२, आता १०६. गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेसाठी वेगळी कलमं आणि वेगळे कायदे आहेत. तिथे न्यायालयाचा आदेश लागतो.

ठाण्यातून कोणते कागद घ्यायचे

पहिला कागद एफआयआर. फिर्यादीला प्रत मोफत मिळते. संवेदनशील गुन्हे सोडले तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही ती सापडते. दुसरा आणि जास्त महत्त्वाचा कागद म्हणजे जप्ती पंचनामा. वस्तू कधी, कुठून, कुणाकडून, कोणत्या अवस्थेत घेतली हे त्यात असतं. गाडीचं किलोमीटर वाचन, टायर, बॅटरी, स्टेपनी, आरशांचा उल्लेख त्यात आहे का ते पाहा. तिसरं, मुद्देमाल नोंदवहीतला क्रमांक. तो मुद्देमाल कारकुनाकडे मिळतो. अर्जात हा क्रमांक असला की पुढचं सगळं सोपं होतं.

नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करणं बंधनकारक आहे. वस्तूच्या अवस्थेवरून किंवा रकमेवरून वाद होण्याची शक्यता असेल तर हे चित्रण मागवावं असं अर्जातच म्हणा.

पोलिसांना स्वतःहून वस्तू देता येत नाही का? येते. कलम १०६ प्रमाणे वस्तू न्यायालयात नेणं अवघड असेल, सांभाळायला जागा नसेल किंवा तपासासाठी तिची गरज उरली नसेल, तर न्यायालय सांगेल तेव्हा हजर करण्याचं बंधपत्र घेऊन अधिकारी ती ताब्यात देऊ शकतो. व्यवहारात अधिकारी जबाबदारी टाळतात आणि ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणतात. तरीही लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्याच. तुम्ही पहिल्या आठवड्यापासून मागणी करत आहात हे पुढे न्यायालयात दिसतं. कुणी यासाठी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

हक्क कसा दाखवायचा

न्यायालय या टप्प्यावर मालकीचा अंतिम निकाल देत नाही. सध्या ताबा कुणाकडे असणं योग्य, एवढंच ते पाहतं. पुराव्याचा भर त्यावर ठेवा.

वाहनासाठी आरसी, विमा, पीयूसी, आधार आणि मालवाहू असेल तर परमिट, फिटनेस. चासी आणि इंजिन क्रमांक पंचनाम्यातल्या क्रमांकांशी अक्षर अक्षर ताडून पाहा. चोरांनी क्रमांक खोडलेला असेल तर परिवहन कार्यालयाचा किंवा न्यायवैद्यक तपासणीचा अहवाल लागतो. तो लवकर मागवण्याची विनंती अर्जात घाला. कर्जावरची गाडी असेल तर फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र घ्या, नाही तर तीच कंपनी स्वतंत्र अर्ज घेऊन उभी राहते. गाडी सेकंडहँड घेतली आणि नावावर केली नसेल तर मूळ नोंदणीकृत मालकाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, सही केलेले फॉर्म २९ आणि ३०, आणि पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा लावा. न्यायालयं नोंदणीकृत मालकालाच प्राधान्य देतात, म्हणून मूळ मालकालाच अर्जदार करणं पुष्कळदा सोयीचं पडतं. मालक वारला असेल तर मृत्यू दाखला आणि बाकी वारसांचं ना हरकत. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र.

दागिन्यांचा प्रश्न जास्त नाजूक असतो. आजीच्या पाटल्यांची, लग्नात मामाने घातलेल्या गोफाची पावती कुणाकडे असते? पावती नाही म्हणून हक्क जात नाही. लग्नातले, डोहाळजेवणातले, बारशातले फोटो काढा. त्यात दागिना अंगावर दिसला तर तो उत्तम पुरावा. घडवणारा किंवा नेहमीचा सोनार प्रतिज्ञापत्र देऊ शकतो. सोनेतारण कर्ज काढलं असेल तर बँकेच्या मूल्यांकनात वजन आणि वर्णन असतं. हॉलमार्क असलेल्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो, तो जुळला की वादच संपतो. आणि ज्यांना अजून चोरीची फिर्याद द्यायची आहे त्यांच्यासाठी: फिर्यादीत ‘सोन्याचे दागिने’ एवढंच लिहून सही करू नका. मंगळसूत्राच्या वाट्या कशा, पोतीत काळे मणी किती सर, वजन अंदाजे किती तोळे, कुठे डाग दिलेला आहे, हे सगळं लिहून घ्या. परत मिळताना हाच मजकूर तुमच्या बाजूने बोलतो.

चोराने सोनं वितळवून लगड केली असेल तर आणखी कठीण. एकाच लगडीत चार घरांचं सोनं असू शकतं. अशा वेळी फिर्यादीतलं वजन आणि आरोपीच्या निवेदनावरून झालेला जप्ती पंचनामा यांवर वाटणी अवलंबून असते. बाकीच्या फिर्यादींशी बोलून एकत्र अर्ज करणं शहाणपणाचं.

मोबाइलसाठी बिल किंवा खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक पुरेसा ठरतो. हरवलेला फोन सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या सीईआयआर या फोन बंद करण्याच्या सेवेत ब्लॉक केला असेल तर ती नोंदही लावा. मात्र फोनमधली माहितीच गुन्ह्याचा पुरावा असेल तर तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत मिळणं कठीण होतं. तरी अर्ज करा आणि मागणी अशी ठेवा की माहितीची प्रतिकृती घेऊन मूळ फोन परत द्यावा.

रोकड असेल तर ती कुठून आली हे एकाच ओळीत समजेल असा हिशेब द्या. बँकेतून काढलेली रक्कम, तारीख, खातेउतारा. नोटांची यादी करून आणि फोटो काढून रक्कम सोडावी अशी विनंती करा. सुंदरभाई देसाई निकालात रोकडीलाही हीच पद्धत सांगितली आहे.

अर्ज

वकील असणं उत्तम, पण मालक स्वतःही अर्ज देऊ शकतो. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मदतीसाठी क्रमांक १५१००. तालुका न्यायालयात मराठीत अर्ज चालतो. मसुदा साधारण असा:

मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, ______ यांचे न्यायालयात
किरकोळ फौजदारी अर्ज क्र. ____ / २०__
अर्जदार: ______, वय __, धंदा ______, रा. ______
विरुद्ध
महाराष्ट्र शासन, तर्फे ______ पोलीस ठाणे
भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ४९७ व ५०३ अन्वये अर्ज

अर्जदार नम्रपणे निवेदन करतो की,
१) ______ पोलीस ठाणे येथे गु.र.नं. ____/२०__ भारतीय न्याय संहिता कलम ____ अन्वये गुन्हा दाखल असून त्यात दि. ____ रोजी खालील मुद्देमाल जप्त करण्यात आला आहे. (वाहनाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, चासी व इंजिन क्रमांक, मुद्देमाल क्रमांक.)
२) सदर वाहनाचा अर्जदार हा नोंदणीकृत मालक आहे. आरसी, विमा व ओळखपत्राच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
३) सदर वाहन उघड्यावर उभे असून ऊन-पावसाने त्याचे मूल्य कमी होत आहे. अर्जदाराचा उदरनिर्वाह त्यावर अवलंबून आहे.
४) जप्ती पंचनामा पूर्ण झाला आहे. कलम ४९७ प्रमाणे वर्णनपत्रक व छायाचित्रे घेतल्यास खटल्यास बाधा येणार नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालाचा अर्जदार आधार घेतो.
५) सदर वाहनावर अन्य कोणाचाही दावा नाही. याच मागणीचा अर्ज अन्य न्यायालयात प्रलंबित नाही.
६) न्यायालय सांगेल तेव्हा वाहन हजर करण्यास व घालण्यात येणाऱ्या अटी पाळण्यास अर्जदार तयार आहे.
सबब विनंती की, सदर वाहन अर्जदाराचे ताब्यात सुपूर्दनाम्यावर देण्याचा आदेश व्हावा.

खाली प्रतिज्ञापत्र, कोर्ट फी स्टॅम्प, कागदांची यादी. तिसरा मुद्दा साच्यातला ठेवू नका. रिक्षा असेल तर महिन्याचा हप्ता किती, ट्रॅक्टर असेल तर पेरणी किंवा ऊसतोड कधी, दागिने असतील तर ते कुणाचे आणि कुणासाठी ठेवलेले, हे खरं खरं लिहा. न्यायाधीश दिवसभर छापील वाक्यं वाचत असतात, खऱ्या गरजेवर त्यांची नजर थांबते.

‘से’ आणि सुनावणी

अर्ज दाखल झाला की न्यायालय तपास अधिकाऱ्याचं आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. कोर्टाच्या बोलीत तो ‘से’. सगळं प्रकरण इथे रेंगाळतं. तारीख पडते, से येत नाही, पुन्हा तारीख. न्यायालयाचं पत्र शक्य असेल तर हातोहात ठाण्यात पोचवा, पोच घ्या आणि तपासी अंमलदाराला भेटून से केव्हा पाठवणार ते विचारा. दोन तारखा नुसत्या गेल्या तर तोंडी विनंती करा की से शिवाय अर्ज ऐकावा.

सेमध्ये ठरलेल्या हरकती येतात: तपास चालू आहे, पुन्हा गुन्ह्यात वापर होईल, विकून टाकतील, आरोपपत्र बाकी आहे. पहिल्या आणि शेवटच्या हरकतीला कलम ४९७ चं उत्तर आहे, त्यात तपास चालू असतानाचाही उल्लेख आहे. विक्रीच्या भीतीला बंधपत्र पुरतं. अपघाताच्या गुन्ह्यात तर मोटार वाहन अधिनियमाचं कलम १३६ सांगतं की तपासणीसाठी नेलेलं वाहन औपचारिकता पूर्ण झाल्यावर २४ तासांत परत द्यावं. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाली आहे का, हे आधीच पाहून अहवालाची प्रत मिळवा. मात्र अपघाताच्या दिवशी थर्ड पार्टी विमा नव्हता, तर पुरेसं तारण दिल्याशिवाय वाहन सुटत नाही. जखमींच्या भरपाईची ती हमी असते आणि ते योग्यच आहे.

दोन दावेदार उभे राहिले तर न्यायालय ज्याचा हक्क वरवर पाहता भक्कम दिसतो त्याला ताबा देतं. दुसऱ्याला दिवाणी दावा मोकळा असतो. चोरीचा दागिना ज्या सराफाकडून जप्त झाला त्याचीही हरकत येते. त्याने पैसे मोजले असतील, पण चोराकडून घेतलेल्या मालावर त्याला मालकी मिळत नाही. आरोपी दोषी ठरला आणि त्याच्याकडे पैसे सापडले, तर अजाणतेपणी खरेदी करणाऱ्याला त्यातून भरपाई देण्याची सोय कलम ४९९ मध्ये आहे.

आदेश हातात आल्यावर

आदेश शांतपणे वाचा. बंधपत्राची रक्कम किती, जामीनदार हवा का, फोटो कुणी काढायचे, विक्रीला बंदी आहे का, रंग किंवा रचना बदलायला मनाई आहे का. अट जड असेल, म्हणजे जुन्या दुचाकीला मोठ्या रकमेचा जामीनदार मागितला असेल, तर अट शिथिल करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करा. ठरल्याप्रमाणे बंधपत्र देऊन सत्यप्रत आणि मुद्देमाल सोडण्याचं पत्र घेऊन ठाण्यात जा.

ताबा घेताना घाई करू नका. माणसं आनंदात सही करून गाडी ढकलत नेतात आणि घरी गेल्यावर बॅटरी नाही हे कळतं. पंचनाम्याची प्रत हातात धरून एकेक वस्तू पाहा. चासी क्रमांक वाचा. सर्व बाजूंनी फोटो घ्या. दागिने असतील तर सोनाराकडून समक्ष वजन करून घ्या. काही कमी असेल तर ताबा पावतीवर तिथेच लिहा: ‘अमुक वस्तू मिळाली नाही.’ मगच सही.

पोलिसांच्या ताब्यातून वस्तू गहाळच झाली असेल तर? बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यातून नाहीशा झालेल्या दागिन्यांची किंमत राज्याला द्यायला लावली. पुरेशी काळजी घेतली होती हे सरकारला दाखवता आलं नाही तर मालकाने रिकाम्या हाताने परतायचं कारण नाही. मौल्यवान वस्तू मालकाला देता येत नसतील तर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात, असंही सुंदरभाई निकालात आहे. दागिन्यांच्या अर्जात ही पर्यायी विनंती जरूर टाका.

काही जिल्ह्यांत २ जानेवारीच्या पोलीस स्थापना दिनाच्या आसपास मुद्देमाल वाटपाचे कार्यक्रम होतात. चांगली गोष्ट आहे. पण न्यायालयाचा आदेश तुमच्याकडे असेल तर कार्यक्रमाची वाट पाहायला तुम्ही बांधील नाही.

अर्ज नामंजूर झाला तर

सत्र न्यायालयात कलम ४३८ खाली पुनरीक्षण अर्ज करता येतो. मुदत ९० दिवसांची. आदेशाची सत्यप्रत त्याच दिवशी मागा, कारण ती मिळायला वेळ लागतो. त्यापुढे उच्च न्यायालय, कलम ५२८ खाली. शिवाय परिस्थिती बदलली, म्हणजे आरोपपत्र दाखल झालं किंवा प्रयोगशाळेचा अहवाल आला, तर मूळ न्यायालयातच नव्याने अर्ज करता येतो. लहान रकमेच्या वस्तूसाठी हाच मार्ग जास्त परवडतो.

गोठवलेलं बँक खातं

हल्ली हा प्रकार फार वाढला आहे. किराणा दुकानदाराच्या यूपीआयवर कुणा गिऱ्हाइकाचे दोन हजार येतात, ते पैसे कुठल्या तरी ऑनलाइन फसवणुकीच्या साखळीतले निघतात आणि दुकानदाराचं अख्खं खातं बंद होतं. महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या १९९९ च्या निकालापासून बँक खातं ही जप्त करण्याजोगी मालमत्ता मानली जाते. म्हणजेच जप्तीचे नियमही त्याला लागू होतात आणि दंडाधिकाऱ्याला तात्काळ कळवणं पोलिसांवर बंधनकारक ठरतं.

बँकेकडून लेखी घ्या: कोणत्या ठाण्याच्या सांगण्यावरून, कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी. त्या ठाण्याला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने बिलं, खातेउतारा, व्यवसायाचा दाखला पाठवा. मागणी दोन टप्प्यांची ठेवा: खातं मोकळं करा, आणि ते शक्य नसेल तर फक्त वादातली रक्कम राखून बाकी खातं चालू करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हीच दुसरी भूमिका घेतली होती. ठाणं परराज्यातलं असलं तरी आधी हा पत्रव्यवहार पूर्ण करा. उत्तर आलं नाही तर तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे किंवा आपल्या उच्च न्यायालयात जाताना तोच कामी येतो.

फसवणूक तुमचीच झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा. पैसे पुढच्या कुठल्या खात्यात अडवले गेले हे कळलं की कलम ५०३ खाली अर्ज करून ते परत मागता येतात.

खटला संपल्यावर

अंतरिम ताबा मिळाला म्हणजे विषय संपला असं नाही. निकालाच्या वेळी कलम ४९८ खाली मुद्देमालाचा अंतिम आदेश होतो. तोवर ताबा घेतला नसेल तर हा आदेश साधारणपणे दोन महिने अमलात येत नाही, आणि अपील झालं तर त्याच्या निकालापर्यंत थांबावं लागतं. जनावरं, नाशवंत वस्तू आणि बंधपत्र देऊन घेतलेला माल याला अपवाद आहेत.

ज्यांनी बंधपत्र देऊन वस्तू घेतली त्यांनी निकालाची तारीख लक्षात ठेवावी. न्यायालयाने वस्तू हजर करायला सांगितली आणि ती नेली नाही तर बंधपत्राची रक्कम वसूल होऊ शकते. मधल्या काळात गाडी विकायची वेळ आली तर आधी परवानगीचा अर्ज करा. फोटो आणि पंचनामा नोंदीवर असल्याने अशी परवानगी मिळू शकते. निकालात बंधपत्र रद्द झाल्याचं वाक्य आहे का ते पाहा. नसेल तर एक छोटा अर्ज देऊन ते रद्द करून घ्या आणि त्या आदेशाची सत्यप्रत आरसीसोबत ठेवा.

आणि ज्यांची गाडी खूप वर्षांपूर्वी चोरीला गेली, सापडल्याचं कुणी कळवलंच नाही, त्यांनी वर्तमानपत्रातल्या आणि पोलीस ठाण्याच्या फलकावरच्या बेवारस वाहनांच्या याद्या पाहत राहाव्यात. मालक माहीत नसेल तर न्यायालय जाहीरनामा काढतं आणि हक्क सांगायला सहा महिने देतं. त्या मुदतीत चासी क्रमांक घेऊन ठाण्यात गेलात तर अर्ज करता येतो. मुदत उलटली की लिलाव होतो.